भोपळा का धरत नव्हता?

छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुरा म्हणून वस्ती आहे. तिथे एका मावशीच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. मावशीने तिथे तांबड्या भोपळ्याचे चार वेल लावले. श्रावणात वेल पत्र्यावर चढले आणि पिवळ्याधमक फुलांनी भरून गेले. भोपळे विकून नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल, असा मावशीचा हिशेब होता.

पण भोपळा काही धरेना. सुपारीएवढे फळ दिसे, आणि दोन-चार दिवसांत पिवळे पडून गळून जाई.

रात्रीच्या वर्गात मावशीने बाईंना विचारले, "बाई, खत घातलं, पाणी घातलं. मग फळ कामून गळतं? कोणाची नजर लागली का?"

बाई म्हणाल्या, "नजरेचं काही नाही, मावशी. सकाळी वेलावर मधमाश्या येतात का?"

"आधी लई येत होत्या. शेजारच्या मेंदीत पोळं होतं. पोरांना चावतील म्हणून गल्लीतल्या लोकांनी ते जाळून टाकलं."

"मग तिथंच घोटाळा झाला," बाई म्हणाल्या.

त्यांनी फळ्यावर दोन फुले काढली. म्हणाल्या, "भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक नर, एक मादी. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो. नर फुलात पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. हा पराग मादी फुलाला लागला, तरच तो इवला भोपळा वाढतो. नाही लागला तर गळतो. पराग असा पोहोचण्याला परागीभवन म्हणतात."

"पराग वाऱ्यानं उडत नाही का?" एका मामाने विचारले.

"काही झाडांचा उडतो. मक्याचं बघा. वर तुरा असतो. त्याचा पराग हलका, कोरडा. वाऱ्यानं उडून तो कणसाच्या केसांवर पडतो. एकेक केस म्हणजे एकेक दाणा. ज्या केसाला पराग मिळत नाही, त्याचा दाणा भरत नाही. म्हणून एखादं कणीस बोडकं निघतं. बाजरीलाही वारा लागतो. पण भोपळ्याचा पराग जड आणि चिकट. वाऱ्याला तो उचलत नाही. तो माशीच्या अंगाला चिकटूनच जायचा."

मामा तेलाच्या दुकानात कामाला होते. ते म्हणाले, "आमच्या दुकानात जैतुनाचं तेल येतं. त्या झाडालाही माशीच लागते का?"

"नाही. जैतून मक्याच्या जातीतलं नव्हे, पण त्याचं कामही वाराच करतो. बारीक पांढुरकी फुलं घोसानं येतात. माश्या येतात, पराग घेऊन जातात, पण फळ धरतं ते मुख्यतः वाऱ्यामुळं. जैतुनाच्या पुष्कळ जातींना स्वतःच्या जातीचा पराग नीट चालत नाही. म्हणून बागेत दुसऱ्या जातीची झाडंही लावतात. तेव्हा ज्या त्या पिकाचा हमाल वेगळा. आपल्या पिकाचा हमाल कोण, हे आधी ओळखावं."

जालन्याकडचे एक काका म्हणाले, "आमच्याकडं कांद्याचं बी धरतात. फुलाच्या वेळी लोक माश्यांच्या पेट्या आणून ठेवतात."

"बरोबर. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो. त्याच फुलाची मादी बाजू मागून तयार होते. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला कोणी तरी न्यायलाच हवा. माश्या नसल्या तर बी कमी येतं."

मावशी म्हणाली, "माझं पोळं तर गेलं. आता काय करू?"

"पहाटे उठा. भोपळ्याचं फूल उजाडताना उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. ताजं नर फूल तोडा. पाकळ्या काढा. आतला दांडा उमललेल्या मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं भागतात."

मावशीने तसे केले. आठवड्याने सहा भोपळे लिंबाएवढे झालेले दिसले. दसऱ्याला मावशीने पहिला भोपळा कापला. तिने त्याची एक फोड बाईंच्या घरी पाठवली.

पण चार वेलांचे काम हाताने होते, चार एकरांचे होत नाही. तिथे माशीच हवी. फुलोरी, सातेरी, आग्या, या आपल्याकडच्या माश्या. आग्या माशी तापट. तिच्या वाटेला जाऊ नये. पोळे अडचणीच्या जागी असेल तर जाळू नका. जाणत्या मधपाळाला बोलवा. पुण्यात १९६२ साली मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. तिथे माश्या पाळण्याचे शिक्षण मिळते. महाबळेश्वराजवळचे मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

आणखी एक. फुले उमललेली असताना औषध फवारू नका. फवारायचेच झाले तर फुले मिटल्यावर, सांजच्याला फवारा. आणि बाटलीवरची चिठ्ठी आधी वाचा. आता तुम्हाला वाचता येते!

ध्यानात ठेवा
मका, बाजरी, जैतून : वारा.
भोपळा, कांद्याचे बी : माशी.

उत्तरे सांगा
१. मावशीचे भोपळे का गळत होते?
२. नर फूल आणि मादी फूल कसे ओळखाल?
३. मक्याचे कणीस बोडके का निघते?
४. तुमच्या गल्लीत पोळे लागले तर तुम्ही काय कराल?