अपूर्णांक आणि त्याचे ‘पूर्ण’

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव होसूर-सर्जापूर रस्त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. या शहरात घरासाठीचा भूखंड बहुधा ‘तीस-चाळीस’ अशा मापानेच ओळखला जातो : रुंदी ३० फूट, लांबी ४० फूट आणि क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. अपूर्णांकांचे प्रकार समजून घेण्यास हा एक भूखंड पुरेसा आहे.

त्याची तुलना प्रथम ‘चाळीस-साठ’च्या, म्हणजे २४०० चौरस फुटांच्या, भूखंडाशी करू. उत्तर येते १२००/२४००. अंश व छेद या दोहोंना १२०० ने भागले की १/२ उरतो. किंमत बदलत नाही, म्हणून हे सममूल्य अपूर्णांक होत. दोहोंतही छेद अंशापेक्षा मोठा असल्याने ते छेदाधिक अपूर्णांक आहेत.

आता तोच भूखंड गुंठ्यात मोजू. महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही गुंठा प्रचलित आहे. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १०८९ चौरस फूट. म्हणून भूखंड १२००/१०८९, म्हणजेच ४००/३६३ गुंठे भरतो. येथे अंश मोठा आहे. हा अंशाधिक अपूर्णांक. तोच १ पूर्णांक ३७/३६३ असा लिहिला, की पूर्णांकयुक्त अपूर्णांक होतो. मराठीतील सव्वा, दीड व अडीच हे शब्द याच जातीचे आहेत.

जमीन तसूभरही हलली नाही, तरी छेदाधिक अपूर्णांकाच्या जागी अंशाधिक आला. कारण ‘पूर्ण’ बदलले. व्यवहारात हा भेद विसरणे महागात पडते. ‘तीस-चाळीस’चा अर्धा भाग ६०० चौरस फूट, तर गुंठ्याचा अर्धा भाग ५४४ १/२ चौरस फूट. शब्द एकच, पण वाटा निराळा.

बेरजेतही हेच तत्त्व लागू पडते. या भूखंडात एका वारसाचा वाटा १/२ आणि दुसऱ्याचा १/३ असला, तर अंशात अंश व छेदात छेद मिळवून येणारे २/५ हे उत्तर पहिल्याच्या एकट्या वाट्याहूनही लहान ठरते! भिन्नच्छेद अपूर्णांक आधी समच्छेद करावे लागतात : ३/६ + २/६ = ५/६. दोघांचे मिळून १००० चौरस फूट झाले. २०० चौरस फूट शिल्लक राहिले.

म्हणून कोणताही अपूर्णांक समोर आला, की अंश-छेदांकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हा भाग कशाचा?