घरच्या बागेसाठी टोमॅटोच्या रोगप्रतिकारक वाणाची निवड

परसात टोमॅटोची आठ-दहा रोपे लावणाऱ्याचा अनुभव पुष्कळदा असा असतो: रोपे जोमाने वाढतात, फुलावर येतात, आणि एके दिवशी त्यांतील एखादे हिरवे असतानाच मान टाकते. अशा वेळी कोणते औषध फवारावे हा प्रश्न उशिराचा होय. बी घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: आपल्या बागेत रोग कोणता? सर्वच रोगांना दाद न देणारा वाण अद्याप निर्माण झालेला नाही.

कोमेजलेल्या रोपावर एक साधा प्रयोग करून पाहावा. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून तो काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा, स्थिर धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. हिचा कारक राल्स्टोनिया नावाचा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो आणि वांगी, मिरची, बटाटा यांनाही ग्रासतो. कोकण, गोवा, केरळ व ओडिशा येथील उष्ण, आम्लधर्मी जमिनींत त्याचा उपद्रव विशेष आढळतो. याउलट पाने चुरगळून पिवळी पडली व वाढ खुंटली, तर तो बहुधा पर्णगुच्छ रोग होय. त्याचा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिहींना प्रतिकारक आहे. थंड व दमट हवेत उशिरा येणारा करपा पडतो. तेथे याच संस्थेचा ‘अर्का अभेद’ अधिक उपयुक्त, कारण तो या चौथ्या रोगासही तोंड देतो.

काही पाकिटांवर ‘एन’ हे अक्षर असते. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो वाण प्रतिकारक आहे, असा त्याचा अर्थ. हा गुण टोमॅटोच्या एका रानटी आप्ताकडून आला आहे. परंतु जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो दुबळा पडतो. आपल्याकडील उन्हाळी लागवडीत त्या अक्षरावर फार विसंबू नये.

चांगले फळ पाहून त्याचे बी राखून ठेवण्याचा मोह आपणांस होतोच. संकरित वाणाच्या बाबतीत तो आवरावा. समजा, प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे आलेला असून तो दोहोंपैकी एकाच जनकाकडून मिळाला आहे. मेंडेलच्या नियमानुसार पुढील पिढीत सरासरीने चारांतील एक रोप त्या जनुकाविना उपजेल. प्रतिकार अनेक जनुकांचा असेल, तर ते सर्व एकत्र लाभलेली रोपे याहूनही थोडी. रोपटी लहान असताना त्यांतील दुबळे कोणते हे डोळ्यांना ओळखू येत नाही. रोगच ते दाखवून देतो. म्हणून संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. ज्यांना घरचेच बी हवे, त्यांनी ‘अर्का आभा’सारखा सरळ वाण लावावा. तो जिवाणूजन्य मर सोसतो, आणि टोमॅटोत बहुतांशी स्वपरागण होत असल्यामुळे त्याचे बी मूळ गुणांस धरून राहते.