नकाशाची भाषा

भुसावळचा नकाशा पाहा. शहराच्या उत्तरेस तापीची निळी रेषा आहे. लोहमार्गाच्या काळ्या रेषेस येथे फाटा फुटून एक शाखा नागपूरकडे व दुसरी इटारसीकडे जाते. प्रमाण १ : ५०,००० असेल, तर कागदावरील २ सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील १ किलोमीटर. दिशा, प्रमाण आणि खुणा ही नकाशाची भाषा होय.

यातील प्रत्येक रेषेमागे मोजणीचे श्रम असतात. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्रिकोणास त्रिकोण जोडीत काम उत्तरेकडे सरकले. १८२३ साली हिंगणघाट येथे लॅम्बटन निवर्तले. त्रिकोणांची साखळी मात्र पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली.