सीताबर्डीचा शेजार : बहुभाषिक स्नेहमेळाव्याचा एक पाठ

नागपूरची सीताबर्डी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ती नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले व इंग्रज यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे. तथापि या वस्तीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १८६१ ते १९५६ या काळात नागपूर हे प्रथम मध्य प्रांताचे व अखेरीस तत्कालीन मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि व्यापार यांच्या निमित्ताने हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ व गुजराती भाषिक कुटुंबे शहरात स्थायिक झाली. फाळणीनंतर सिंधी बांधव आले. सीताबर्डीच्या झाशी राणी चौक परिसरात विदर्भ साहित्य संघ आणि विदर्भ हिंदी साहित्य संमेलनाचे मोर भवन या दोन्ही वास्तू आहेत, ही गोष्ट बोलकी आहे.

परंतु एकत्र राहण्याने शेजार आपोआप निर्माण होत नाही. बर्डीच्या बाजारपेठेत माणसे रोज भेटतात, ती गिऱ्हाईक आणि दुकानदार म्हणून. नागपुरातच महाल परिसरात १७ मार्च २०२५ रोजी हिंसाचार उसळला आणि शहराच्या काही भागांत संचारबंदी लागू करावी लागली. अशा प्रसंगी शेजारच्या गल्लीत विश्वासाने कोणाला विचारावे, हे ठाऊक असणे फार मोलाचे ठरते.

या बाबतीत भिवंडीचा अनुभव मार्गदर्शक आहे. १९७० व १९८४ मध्ये दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य नागरिक शांततेच्या काळातच नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ओळख आधी व्हावी लागते, हा यातील बोध होय.

स्नेहमेळाव्याची आखणी याच दृष्टीने व्हावयास हवी. प्रथम, यजमानपद एका मंडळाकडे न ठेवता प्रत्येक गल्लीतून व इमारतीतून एक-दोन व्यक्ती घेऊन तयारी समिती नेमावी. तीत महिला, भाडेकरू, फेरीवाले व हमाल यांनाही स्थान असावे. सतरंज्या आणण्यापासून पंगत वाढण्यापर्यंतची कामे निरनिराळ्या घरांतील माणसांनी जोडीने केली म्हणजे खरा परिचय होतो.

दुसरे, दिवस ठरविताना रमजानचे रोजे, पर्युषण, इतर सण आणि शालेय परीक्षा यांचा विचार व्हावा. शाकाहारी स्वयंपाकाची चूल व भांडी वेगळी ठेवावीत, पदार्थांवर नावे लिहावीत आणि खाण्याचा आग्रह कोणालाही करू नये.

तिसरे, हारतुरे व लांबलचक भाषणे टाळावीत. आपले कुटुंब येथे केव्हा व कोठून आले, हे प्रत्येक घरातील ज्येष्ठाने स्वतःच्या भाषेत सांगावे आणि शाळकरी मुलांनी त्याचे मराठी व हिंदी रूपांतर करावे. शिक्षकांना येथे मोठे काम आहे.

चौथे, मेळावा संपण्यापूर्वी प्रत्येक गल्लीचे दोन संपर्क प्रतिनिधी निश्चित करावेत. पाणी, कचरा, वाहनतळ, ध्वनिक्षेपक हे रोजचे प्रश्न त्यांनी दरमहा एकत्र बसून सोडवावेत. अफवा उठताच प्रथम एकमेकांना विचारावे आणि नंतर पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा, असा संकेत रूढ करावा.

ग्रामीण भागासही हा पाठ लागू आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील तंटा गावातच सामोपचाराने मिटविण्याची वाट दाखविली. तंटा उद्भवण्यापूर्वीच माणसे एकत्र आणण्याचे काम पंचायत सदस्यांना अशा मेळाव्यांतून साधता येईल. मेळाव्याला किती लोक जमले यावरून त्याचे यश ठरविता येणार नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीला किती गल्ल्यांतून माणसे आली, हीच त्याची खरी कसोटी होय.