सिरोंच्याचा एक रविवार

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु विदर्भाचे पाणी तिला कोठे येऊन मिळते, हे पाहावयाचे असेल तर सिरोंच्यास गेले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, प्राणहिता नदीच्या काठी हे गाव वसले आहे. पैलतीरी तेलंगण राज्य आहे. त्यामुळे येथील बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानी पडतात. गिऱ्हाईक एका भाषेत भाव विचारते, विकणारी दुसऱ्या भाषेत सांगते. तरी व्यवहार अडत नाही.

समजा, चैत्रातील एका रविवारी शाळेतील मुले गुरुजींबरोबर सहलीस निघाली आहेत. उजाडण्यापूर्वीच आलापल्लीच्या रस्त्याने उत्तरेकडे जावे. दोन्ही बाजूंस सागाचे अरण्य लागते. मोहाच्या झाडांखाली बायका व मुले टोपल्या घेऊन वाकलेली दिसतात. रात्री गळलेली रसाळ फुले ती वेचीत असतात. ही फुले वाळवून ठेवतात, आणि पुढे बियांचे तेल काढतात. म्हणून येथील माणूस मोहाच्या झाडावर सहसा कुऱ्हाड चालवीत नाही.

पुढे वडधम येथे वन विभागाचे जीवाश्म उद्यान आहे. तेथे झाडांचे ओंडके पडलेले दिसतात. हात लावावा, तर ते दगडाचे! कोट्यवधी वर्षांपूर्वी हे वृक्ष नदीच्या वाळूत व गाळात गाडले गेले. हवा न लागल्याने ते लवकर कुजले नाहीत. पाण्यात विरघळलेली खनिजे हळूहळू लाकडात झिरपली आणि त्याचा दगड झाला.

याच तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखले जाणारे खडकांचे थर पंधरा कोटी वर्षांहून जुने आहेत. पैलतीरावर यमनपल्ली येथे याच थरांत एका अजस्र प्राण्याची हाडे सापडली. १९८८ मध्ये त्यास ‘कोटासॉरस’ हे नाव मिळाले. त्याचा सांगाडा आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे.

एखाद्या मुलास वाटेल, दगडी लाकडाचा एवढासा तुकडा खिशात घातला, तर काय बिघडले? तेव्हा गुरुजी विचारतील, “बाळ, हा तुकडा किती जुना, हे तू घरी कोणास सांगशील?” तुकड्याचे वय तो ज्या थरात सापडतो, त्या थरावरून कळते. जागा सुटली की त्याची साक्ष संपली. घरी नेलेला तुकडा म्हणजे केवळ एक दगड! मुलगा तो होता तेथेच ठेवून देतो.

सायंकाळी सर्वांनी संगमावर यावे. वर्धा आणि वैनगंगा यांचे एकत्र झालेले पाणी घेऊन प्राणहिता येते आणि गोदावरीस मिळते. पलीकडे काळेश्वरचे देऊळ दिसते. तेथे एकाच पीठावर शिव व यम यांची दोन लिंगे आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर सोहळा झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वणीस दोन्ही तीरांवर यात्रेकरू स्नानास जमले होते.

दिवेलागणीला मुले घरी परततात. “काय आणलेस रे?” असे आई विचारते. मुलगा रिकामे हात दाखवितो आणि दगड झालेल्या झाडाची हकिकत सांगू लागतो. जेवण वाढून झाले, तरी ती संपत नाही.