आधी पुठ्ठ्याचं काप

हर्सूलला राहतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "आत की बाहेर?" जेलवरचा हा विनोद आपण दोघींनी शाळेपासून इतका ऐकलाय की आता हसूही येत नाही. पण परवा रात्री वर आले तेव्हा मलाच तो आठवला. दार लावलेलं, पंखा बंद, कारण म्हणे माइकमध्ये घरघर येते. मे महिन्यातली पत्र्याची खोली, कानाला हेडफोन, मानेवरून घाम ओघळतोय आणि बाई सेकंदाच्या दहाव्या भागासाठी त्याच वळणावर चौतिसाव्यांदा गाडी घालतेय. मी पाणी ठेवून गुपचूप खाली निघाले होते. जाता जाता दुसऱ्या स्क्रीनवर नजर गेली. इटलीचं स्टिअरिंग, कार्टमध्ये टाकलेलं.

आईला काही बोलले नाही, बोलणारही नाही. पैसे तुझे आहेत, दीड वर्ष चिकलठाण्याच्या बस पकडून कमावलेले. "एवढ्यात सोन्याच्या पाटल्या झाल्या असत्या," हे वाक्य माझ्याकडून येणार नाही. ते म्हणणारे घरात पुरेसे आहेत. आणि हौस कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. बाबांच्या टेम्पोचं स्टिअरिंग आठवतं ना? दोन्ही हात पडायचे तिथली खडबडीत रबरी पकड झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली. चौदाव्या वर्षी मी त्याच दोन जागांवर हात ठेवून बंद टेम्पोत अर्धा-अर्धा तास बसायचे. चावी मात्र आपल्या चुलतभावाला मिळाली. तू आज खोलीत बसून मोंझावर गाडी पळवतेस याचं मला किती बरं वाटतं, ते तुला तोंडावर सांगितलं नसेल कधी.

पण अगं, अकरा वर्षं वाळूजला व्हीएमसी मशीनवर पार्ट कापत काढलीत मी. वस्तू हातात आली की माझं लक्ष आधी तिच्या कडेवर जातं, मग रंगावर. म्हणून सांगते, जरा ऐक.

तू निवडलंयस ते रेप्लिका. जीटी गाडीच्या खऱ्या स्टिअरिंगची नक्कल, तीही उत्तम प्रतीची. पाच मिलिमीटरची कार्बन फायबरची प्लेट, मागे चुंबकावर टकटक वाजणारे पॅडल, पुढे बोटाने फिरवायचे एन्कोडर. इटलीत क्यूब कंट्रोल्स, जर्मनीत अ‍ॅशर रेसिंग, ब्रिटनमध्ये प्रिसिजन सिम इंजिनिअरिंग, ही मंडळी खरोखर चांगलं काम करतात. यात नक्कल आणि अस्सल यांच्यातली भिंतही आता पातळ झालीय. रेसिंग गेमचं सामान करणाऱ्या फॅनाटेकने बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटी३ गाडीसाठी जे स्टिअरिंग केलं ते खऱ्या रेसिंग गाडीतून काढून घरच्या मोटरवर जसंच्या तसं बसतं. मला हे फार आवडलं. आणि नकलेला नाक मुरडायचा हक्क आपल्या गावाला नाहीच मुळी. बीबी का मकबरा बघून पाहुणे "गरिबांचा ताज" म्हणून हसतात, आपण कसनुसं हसतो. पण पुढच्या वेळी गेलीस की नीट बघ. आजमशहाने आईसाठी ते बांधलं तेव्हा ताजच्या मानाने हाताशी पैसा फारच थोडा. साधारण पावणेसात लाख रुपये लागल्याचं लिहून ठेवलंय. मग कारागिरांनी काय केलं? खाली माणसाचा हात आणि नजर पोचते तेवढ्या उंचीला संगमरवर, वर घुमटाला संगमरवर, आणि मधे दगडावर चुन्याचा गिलावा. त्याला मी कंजुषी म्हणत नाही. संगमरवर कुठे लावायचा हे त्यांना कळत होतं.

तुझं तिथेच चुकतंय. तू सगळा संगमरवर घुमटाला लावायला निघालीस.

तुझ्या टेबलाला लावलेली, चाकाला जोर देणारी मोटर पाच न्यूटन-मीटरची आहे. म्हणजे किती, ते कधी हिशोब करून पाहिलंस? तीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला ती जेमतेम साडेतीन किलोचा जोर लावते. सिम्युक्यूबची पंचवीस न्यूटन-मीटरवाली मोटर त्याच कडेला सतरा किलो ओढते, म्हणजे भरलेली मोठी कळशी एका हाताला लटकल्यासारखी. तसल्या मोटरसाठी घडवलेलं दीड-दोन किलोचं स्टिअरिंग तू या लहान मोटरला लावणार. एक कर, स्वयंपाकघरात जा. वाटी हातात धरून थरथरव, मग परात धरून थरथरव. वाटीची थरथर बोटांना कळते, परातीची मधल्यामधे विरते. टायर सुटायच्या आधी रस्ता जी बारीक कुजबुज करतो, तीच तर तुला चाकातून हवी असते ना? ती त्या परातीत गडप होईल. स्क्रीनशेजारी फोटोला झकास दिसेल, आणि वेळ सेकंदाच्या दहाव्या भागानेही उतरणार नाही.

आता पायाकडे ये. तुझा ब्रेक अजून तोच, किती अंतर दाबला हे मोजणारा. पायाला अंतर लक्षात राहत नाही बाई, जोर लक्षात राहतो. बाबांना विचार, उतारावर ब्रेक किती इंच दाबता म्हणून, हसतील. लोडसेलवाला ब्रेक तो जोर मोजतो. त्याच वळणाला रोज तेवढाच पाय पडायला लागतो आणि वेळ खाली येते ती तिथे. तुझी चौतीस वेळा घातलेली फेरी मी दारात उभी राहून पाहिली आहे. हात ठीक होते. ब्रेक दर वेळी वेगळ्या जागी लागत होता. हे तुला तुझ्या ग्रुपमधली मुलं सांगणार नाहीत, कारण त्यांनाही स्टिअरिंगचेच फोटो टाकायचे असतात.

आता माझी एक फजिती सांगते, घरात कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या वाढदिवसाला मी एक "कार्बन फायबर" चाक ऑनलाइन मागवलं होतं, तुला न सांगता. खोका आला, उचलला, आणि उचलतानाच कळलं. भलतंच हलकं. नखाने कोपरा उचकटला तर कार्बनच्या विणीचं छापील स्टिकर सोलून आलं, खाली काळं प्लास्टिक. पॅडलचा चुंबक गोंदाने चिकटवलेला, चौथ्या दिवशी निखळला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. म्हणून तुला त्या वर्षी ड्रेस मिळाला. ते चाक अजून माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. खऱ्या कार्बनची कड बघायची असते. कापलेल्या कडेला थरावर थर दिसतात, चपातीच्या पदरांसारखे. कडेवरही वीण छापलेली असेल तर समज, स्टिकर.

महाग घेतलंस तरी विचारायचे प्रश्न आहेतच. पॅडलची स्प्रिंग, बटणाचं टोपण, गुंडाळीची केबल सुटी मिळते का? आपल्याकडच्या धुळीने एन्कोडर दोन उन्हाळ्यांत कुरकुरायला लागतो. बिघडलं तर परत इटलीला कुरिअर कोणी करायचं, आणि येताना कस्टम्सशी वाद कोणी घालायचा? फॅनाटेकची मूळ कंपनी एवढी मोठी, तीसुद्धा २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मग कॉर्सेअरने तो धंदा घेतला. नाव मोठं म्हणून पार्ट मिळतीलच असं धरून चालायचं नाही. आणि ते सुंदर राखाडी अल्कांतारा! इटलीच्या थंड खोलीत शोभतं ते. तुझ्या पत्र्याखाली, तुझ्या तळहाताच्या घामाने, एका उन्हाळ्यात त्याची लव चिकटून ओल्या मांजरासारखी दिसेल. रबरी पकड घे, नाहीतर हातमोजे घाल. पाणी आपल्याकडे किती दिवसांनी येतं ते तुला माहीत आहे; रोज हातमोजे धुवायचं नाव काढलंस तर आई तुलाच टाकीवर पहाऱ्याला बसवेल.

मग करायचं काय? ऑर्डर थांबव, एवढंच म्हणत नाही मी. आपण बनवू.

हसू नकोस. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या मागोमाग पार्ट करणारी कितीतरी शॉप उभी राहिली. शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. ज्या गावात मोटारसायकलचे आणि गाड्यांचे पार्ट रोज मायक्रॉनमध्ये मोजले जातात, त्या गावातल्या पोरीने एक चपटी प्लेट इटलीहून मागवायची? आमच्या शेठला मी विचारलंय. रविवारी मशीन रिकामं असतं, प्लेटचे पैसे आपण द्यायचे.

एक प्लेट मी आधीच वाया घालवलीय, तेही सांगून टाकते. स्टिअरिंगला मधोमध सहा भोकं असतात, सत्तर मिलिमीटरच्या वर्तुळावर, एम५ स्क्रूसाठी. बहुतेक रेसिंग चाकांचा हाच मेळ, नार्डीचा मात्र चौऱ्याहत्तरचा. मी घाईत ड्रॉइंग वाचलं आणि चौऱ्याहत्तर घातले. अ‍ॅल्युमिनिअमची प्लेट चकाचक निघाली, कड अशी की गालाला लावावी. हबवर ठेवली तर एकही स्क्रू जाईना. म्हणून तुला एक खूण देते, कुठलंही चाक घेताना उपयोगी पडेल. सहा भोकं असली की शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर निम्म्या व्यासाइतकं भरतं. व्हर्नियर लाव. पस्तीस आलं तर सत्तरचा मेळ. सदतीस आलं तर खाली ठेव, दुकानदार काहीही म्हणो.

प्लेट झाली की उरतं ते सगळं पैठण गेटच्या गल्ल्यांत आणि ऑनलाइन मिळतं. बारा मिलिमीटरची दाबून सुटणारी बटणं, दोन एन्कोडर, चुंबक, आणि अर्डुइनो प्रो मायक्रो नावाचा अंगठ्याएवढा बोर्ड. त्याच्यावरच्या चिपला थेट यूएसबी कळतं, म्हणून कॉम्प्युटर त्याला सरळ जॉयस्टिक समजतो. सिमहब नावाचं सॉफ्टवेअर वापरून पुढे छोटा डिस्प्लेही लावता येईल. हे सगळं पीसीवरच चालतं, कन्सोलवर असला घरचा बोर्ड दाद देत नाही. पण तुझा पीसीच आहे. सोल्डरिंग तू कर, माझा हात थरथरतो. कार्बनला मात्र घरी ड्रिल लावायचं नाही, सांगून ठेवते. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि बोर्डवर बसली तर शॉर्ट करते, कारण कार्बनमधून वीज वाहते. अ‍ॅल्युमिनिअम घेऊ, काळं अ‍ॅनोडाइज करून. थोडं जड होईल, तर मधे खिडक्या पाडून वजन उतरवू. ते काम मला जमतं.

पहिलं काही बरोबर होणार नाही, एवढं धरून चाल. फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागे गिअरची पॅडल लावलेली गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरवली, ब्राझीलमध्ये. गाडी शर्यत पुरी करेल यावर फेरारीच्या लोकांचाच भरवसा नव्हता. नायजेल मॅन्सेल भर शर्यतीत पिटमध्ये आला, कारण स्टिअरिंगच सैल झालं होतं. ते काढून दुसरं बसवलं, तो पुन्हा निघाला आणि जिंकला. आज तू ज्या टकटक पॅडलवर जीव टाकतेस त्यांची सुरुवात अशी, मधेच स्क्रू आवळत झालेली.

आणि उरलेल्या पैशांत लोडसेलचा ब्रेक घे. त्यातूनही उरले तर एकदा खऱ्या ट्रॅकवर कार्ट चालवून ये, कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे. मी येते सोबत, म्हणजे घरात प्रश्न नको. पुण्याच्या डायना पुंडोले दोन मुलांच्या आई, शाळेत शिकवलेल्या. २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यामुळे "आता वय काय शिकायचं" हे तू मला ऐकवू नकोस आणि मी तुला ऐकवणार नाही.

एवढं सगळं ऐकूनही इटलीचंच हवं असेल तर घे. मी रुसणार नाही. फक्त त्याआधी एक आठवडा दे मला. त्या चाकाचा समोरून काढलेला फोटो टीव्ही सेंटरच्या दुकानात नेऊन खऱ्या मापात प्रिंट करून आण, अठ्ठावीस-तीस सेंटिमीटर जे काय असेल ते. पुठ्ठ्यावर चिकटव, काप, आणि आत्ताच्या चाकावर रबरबँडने बांध. वीस फेऱ्या मार. अंगठा न उचलता कुठल्या बटणापर्यंत पोचतो ते पेनने खूण कर. माझी पैज आहे, त्या बारा बटणांतली पाच तुझ्या अंगठ्याला पोचणारच नाहीत, तुझे हात आईवर गेलेत, लहानखुरे. जी पोचतील तेवढीच आपल्या प्लेटवर पाडू, तुझ्या हाताच्या मापाने.

पुठ्ठा जिन्याखाली आहे, कूलरच्या खोक्याचा, चांगला जाड. आज संध्याकाळी रद्दीवाला यायचाय, त्याच्या आधी उचलून ठेव.