टोमॅटोवरील करपा : फवारा केव्हा व कसा मारावा

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव येथे हंगामात टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. जुन्नर तालुक्यातील पुष्कळ कुटुंबांच्या वर्षाचे गणित या पिकावर अवलंबून असते. रोपे, बांबू, तार, सुतळी व मजुरी यांवर पैसा आधीच खर्ची पडलेला असतो आणि तोड्याच्या तोंडावर करपा आला म्हणजे तो सर्व धोक्यात येतो. पाने गळाली की फळांचे पोषण खुंटते व उघडी पडलेली फळे उन्हाने भाजतात.

औषध आणण्यापूर्वी रोग ओळखावा. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया बुरशीमुळे होतो. तो प्रथम जमिनीलगतच्या जुन्या पानांवर दिसतो. तपकिरी ठिपक्यांत एकात एक वलये असतात. उशिरा येणारा करपा फायटोप्थोरामुळे होतो. थंड, ढगाळ व ओल्या हवेत पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग पडतात आणि सकाळी पान उलटून पाहिल्यास डागाच्या कडेस पांढरी लव दिसते. हवा अनुकूल राहिल्यास थोड्याच दिवसांत सारे शेत जळाल्यासारखे होते. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ ओढवणारा रोग तो हाच. म्हणून शेजारी बटाटा असल्यास तोही पाहावा. नावांवरून मात्र फसू नये. दोन्ही करपे पिकाच्या कोणत्याही वयात येऊ शकतात.

पाने वळणे, बोकडणे अथवा फळांनी रंग नीट न धरणे हे विकार बहुधा विषाणूंमुळे होतात. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले व संगमनेर भागांत असाच उपद्रव झाला होता. विषाणूवर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही. तो खर्च व्यर्थ होय.

मॅन्कोझेब हे पानाच्या पृष्ठभागावर राहणारे औषध आहे. बुरशीचा बीजाणू पानात शिरण्यापूर्वीच ते त्यास मारते. आत शिरलेल्या बुरशीस ते पोचत नाही. यास्तव ढगाळ हवा दिसताच किंवा पहिले ठिपके आढळताच फवारणी करावी. ७५ टक्के भुकटी १० लिटर पाण्यास २५ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपास ४० ग्रॅम घ्यावी. रोग असेतोवर सुमारे दहा दिवसांनी फवारा पुन्हा द्यावा. जोराच्या पावसाने औषध धुऊन गेल्यास त्याआधीच द्यावा. जुने डाग जात नाहीत म्हणून औषध निरुपयोगी ठरविणे योग्य नव्हे. नवी पाने स्वच्छ राहिली का, एवढेच पाहावे.

बोर्डो मिश्रण घरी करता येते. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना ५ लिटर पाण्यात निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून चुना गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ विळ्याचे पाते मिश्रणात क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी, अन्यथा पाने भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवावे व त्यात दुसरे औषध मिसळू नये.

बहुतेक चूक होते ती फवारण्यात. वरून ओझरता फवारा मारल्यास पानांची खालची बाजू व बुडाकडील पाने कोरडी राहतात, आणि रोगाचा आरंभ तर तेथूनच होतो. नोझल खालून वर धरावे. जमिनीस टेकलेली रोगट पाने आधी काढून शेताबाहेर पुरावीत.

फवारताना हातमोजे, तोंडावर मुसके व अंगभर कपडे असावेत. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. बुरशीनाशक त्या मानाने सौम्य असले तरी बेफिकिरी नको. फवारणी व तोडा यांत वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत. येथील माल वाशीच्या बाजारातून गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्तीत जातो; फळावर औषध कधी पडले हे तेथील गृहिणीस कळण्यास मार्ग नसतो.

विस्तार कार्यकर्त्याने गावातील एका शेतात, शेतकऱ्याच्या संमतीने, एक लहान ओळ बिनफवारणीची ठेववावी व पंधरा दिवसांनी ती इतरांस दाखवावी.